वनस्पति-पटलांतील वसाम्लांचे असंतृप्तीकरण : संगणकीय प्रतिमानांचा इतिहास

वनस्पतींच्या कोशिकांतील (पेशींतील) पटले लिपिडांचा दुहेरी थर व त्यात रुतलेली प्रथिने यांची बनलेली असतात. पटलातील लिपिडाच्या रेणूत सामान्यतः ग्लिसरॉलाच्या सांगाड्याला दोन वसाम्ल-शृंखला जोडलेल्या असतात. अशा शृंखलेतील लगतच्या दोन कार्बन अणूंवरील प्रत्येकी एक हायड्रोजन अणू काढून घेऊन त्या दोहोंत द्विबंध निर्माण करण्याच्या क्रियेस असंतृप्तीकरण म्हणतात व ती घडवून आणणाऱ्या एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणाऱ्या प्रथिनांना) डिसॅच्युरेज असे नाव आहे. वसाम्लाचा उल्लेख कार्बन अणूंची संख्या व द्विबंधांची संख्या यांनी करण्याचा प्रघात आहे. त्यानुसार स्टिअरिक अम्ल १८:०, ओलेइक अम्ल १८:१, लिनोलीइक अम्ल १८:२ व लिनोलिनिक अम्ल १८:३ असे लिहितात. जवसाच्या तेलाचा पातळ थर हवेत वाळून घट्ट होतो, तो त्यातील विपुल १८:३ मुळे. हेच अम्ल हिरव्या पानांच्या पटलांतील सर्वांत मुबलक वसाम्ल आहे.

पटलात कोणते वसाम्ल किती प्रमाणात असावे हे कशावरून ठरते, तापमान बदलले असता ते प्रमाण का बदलते आणि त्या बदलाचा वनस्पतीला काय उपयोग होतो, हे या विषयातील मुख्य प्रश्न होत. अनेक विक्रिया एकाच वेळी व कोशिकेच्या निरनिराळ्या भागांत चालू असल्यामुळे केवळ तर्काने त्यांची उत्तरे मिळत नाहीत. म्हणून विक्रियांचे वेग समीकरणांत मांडून ती संगणकावर सोडविण्याची पद्धत रूढ झाली. अशा समीकरणसंचाला संगणकीय प्रतिमान म्हणतात. या प्रतिमानांच्या इतिहासात मोजमापांशी न जुळलेली प्रतिमाने जुळलेल्या प्रतिमानांइतकीच उपयोगी ठरली आहेत.

रासायनिक पार्श्वभूमी : असंतृप्तीकरणासाठी ऑक्सिजन आवश्यक असतो, हे डी. के. ब्लूमफील्ड व कॉनराड ब्लॉख यांनी १९६० मध्ये यीस्टवरील प्रयोगांनी दाखविले. १९६८ मध्ये जे. नागाई व ब्लॉख यांनी पालकाच्या हरितकणूंतून स्टिअरिक अम्लाचे ओलेइक अम्ल करणारे विद्राव्य एंझाइम वेगळे करून अभ्यासले. हे एंझाइम मुक्त वसाम्लावर क्रिया करीत नाही. वसाम्ल एका लहान वाहक प्रथिनाला जोडलेले असावे लागते.

पुढचे टप्पे मात्र वेगळे निघाले. इंग्लंडमध्ये ए. टी. जेम्स यांनी एरंडाची पाने किरणोत्सर्गी कार्बन-१४ ने अंकित केलेल्या द्रव्यांवर ठेवून ओलेइक अम्लापासून लिनोलीइक अम्ल बनते हे दाखविले. वसाम्लांचे मिश्रण झटपट वेगळे करून मोजण्याची वायु-द्रव वर्णलेखन ही पद्धत याच जेम्स यांनी ए. जे. पी. मार्टिन यांच्याबरोबर १९५२ मध्ये प्रसिद्ध केली होती [→ वर्णलेखन]. असंतृप्तीकरणाविषयीची जवळजवळ सर्व संख्यात्मक माहिती या पद्धतीवर आधारलेली आहे. १९६९ मध्ये एम. आय. गर, एम. पी. रॉबिन्सन व जेम्स यांनी क्लोरेला या हिरव्या शैवलात असे दाखविले की, ओलेइक अम्लाचे असंतृप्तीकरण फॉस्फॅटिडिल कोलीन या फॉस्फोलिपिडाच्या निर्मितीशी घट्ट निगडित असते. म्हणजेच दुसरा द्विबंध वसाम्ल पटलाच्या लिपिडाला जोडलेले असतानाच निर्माण होतो.

या शोधाचा प्रतिमानांच्या दृष्टीने मोठा परिणाम झाला. पाण्यात विरघळणाऱ्या एंझाइमाचा वेग व विक्रियाकारकाची संहती यांचा संबंध एल. मायकेलिस व माउड मेंटेन यांनी १९१३ मध्ये दिलेल्या समीकरणाने व्यक्त करता येतो. पण जेथे एंझाइम व विक्रियाकारक दोन्ही पटलातच बसलेले असतात, तेथे संहती म्हणजे काय हेच नीट ठरत नाही. शिवाय पटलातून बाहेर काढताना ही एंझाइमे बहुधा निष्क्रिय होतात. त्यामुळे प्रतिमानात घालावयाचे स्थिरांक परीक्षानलिकेत मोजता येईनात. ते जिवंत पानातील मोजमापांवरूनच काढावे लागले.

सर्वांत साधे प्रतिमान : एंझाइम-विक्रियांची समीकरणे यंत्राने सोडविण्याचा आरंभ संगणकयुगाच्याही आधी झाला. ब्रिटन चान्स यांनी १९४३ मध्ये पेरॉक्सिडेज या एंझाइमाच्या विक्रियेची अवकल समीकरणे यांत्रिक अवकल विश्लेषकावर सोडवून घेतली होती. अंकीय संगणक उपलब्ध झाल्यावर चयापचयातील विक्रियांच्या लांब साखळ्याही याच रीतीने अभ्यासता येऊ लागल्या.

असंतृप्तीकरणाचे सर्वांत साधे प्रतिमान म्हणजे १८:१ पासून १८:२ व त्यापासून १८:३ अशी एकेरी साखळी. वाढत्या पानात नवीन १८:१ सतत येत असते आणि पटलांचे क्षेत्र वाढत असल्यामुळे प्रत्येक साठा सतत विभागला जातो. पानाची वाढ एकसारखी चालू असली की तिन्ही वसाम्लांचे परस्परप्रमाण स्थिर राहते. उदाहरणार्थ, एखाद्या पानात हे प्रमाण ५ : २० : ७५ आहे असे समजू. वाढीचा सापेक्ष वेग १ धरला, तर या आकड्यांवरून पहिल्या असंतृप्तीकरणाचा वेग-स्थिरांक १९ व दुसऱ्याचा ३.७५ येतो. हे गणित कागदावरही करता येते. साखळीत शाखा व परतीच्या वाटा आल्या की मात्र संगणक अपरिहार्य ठरतो.

या लहानशा गणितातून दोन महत्त्वाच्या गोष्टी कळतात. पहिली, वसाम्लांच्या प्रमाणावरून एंझाइमाचा निरपेक्ष वेग कळत नाही. तो वाढीच्या वेगाच्या किती पट आहे एवढेच कळते. दुसरी, वाढ व असंतृप्तीकरण यांवर थंडीचा परिणाम सारखा नसेल, तर एंझाइम अजिबात न वाढताही पटल अधिक असंतृप्त होते. वरील पानाची वाढ थंडीत निम्म्यावर आली आणि दोन्ही असंतृप्तीकरणांचे वेग तीन-चतुर्थांशच राहिले असे धरले, तर वसाम्लांचे नवे प्रमाण सुमारे ३.४ : १४.६ : ८२ येते. थंडीत १८:३ वाढले एवढ्यावरून वनस्पतीने मुद्दाम अधिक एंझाइम बनविले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दोन मार्गांचा शोध : एकेरी साखळीचे प्रतिमान पानातील वसाम्लांच्या एकूण प्रमाणाशी जुळविता येते. पण अंकित कार्बनाचा काळानुसार प्रवास पाहिला की ते अपुरे पडते. न्यूझीलंडमध्ये पी. जी. रफन यांनी १९७० मध्ये भोपळ्याच्या पानांवर केलेल्या प्रयोगांत अंकित कार्बन प्रथम फॉस्फॅटिडिल कोलिनात दिसला व पुढे कित्येक तासांनी, काही वेळा दिवसांनी, हरितकणूंतील गॅलॅक्टोलिपिडांत गेला. फॉस्फॅटिडिल कोलीन हरितकणूच्या बाहेर, आंतर्द्रव्यजालिकेत बनते. गॅलॅक्टोलिपिडे हरितकणूच्या पटलांत असतात. म्हणजे हरितकणूत तयार झालेले वसाम्ल बाहेर जाते, तेथे असंतृप्त होते आणि लिपिडाच्या सांगाड्यासह परत येते, असे मानणे भाग पडले.

याउलट पालकासारख्या काही वनस्पतींच्या गॅलॅक्टोलिपिडांत सोळा कार्बनांचे व तीन द्विबंधांचे वसाम्ल (१६:३) आढळते. ते ग्लिसरॉलाच्या मधल्या स्थानावर असते, तर जालिकेत बनलेल्या लिपिडांत त्या स्थानी अठरा कार्बनांचे वसाम्ल असते. यावरून हरितकणूच्या आतच पूर्ण होणारा दुसरा मार्ग असला पाहिजे हे उघड झाले. सी. आर. स्लॅक यांच्याबरोबर रफन यांनी १९८२ मध्ये या दोन मार्गांचे सुसंगत विवेचन केले. ऊस, मका यांसारख्या वनस्पतींतील कार्बन डाय-ऑक्साइड स्थिर करण्याच्या हॅच-स्लॅक मार्गाच्या नावात आहेत ते स्लॅक हेच होत [→ प्रकाशसंश्लेषण]. आतल्या मार्गाला ‘आदिकेंद्रकी’ व बाहेरून परतणाऱ्या मार्गाला ‘दृश्यकेंद्रकी’ मार्ग अशी नावे रूढ झाली.

येथे प्रतिमानांविषयी एक मूलभूत धडा मिळाला. वर घेतलेल्या उदाहरणातील ५ : २० : ७५ हे प्रमाण एकाच साखळीने मिळू शकते, तसेच निम्मे लिपिड २ : १० : ८८ व निम्मे ८ : ३० : ६२ अशा प्रमाणाचे देणाऱ्या दोन वेगळ्या मार्गांनीही मिळू शकते. एकूण प्रमाण दोन्ही बाबतींत अगदी तेच येते. दोन प्रतिमानांपैकी खरे कोणते हे ठरविण्यासाठी अधिक अचूक आकडेमोडीचा उपयोग नसतो. वेगळ्या प्रकारचे मोजमाप लागते. ग्लिसरॉलावरील स्थान हे असे मोजमाप होते.

जे. ब्राउझ, एन. वॉरविक, सी. आर. समरव्हिल व स्लॅक यांनी १९८६ मध्ये ॲराबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुळातील लहान वनस्पतीसाठी या दोन मार्गांतील प्रवाहांचा हिशेब मांडला. हरितकणूत बनणाऱ्या वसाम्लांपैकी सुमारे ३८ टक्के आतल्या मार्गाने जातात व ६२ टक्के बाहेर पडतात. बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग, म्हणजे एकूण वसाम्लांच्या सुमारे ३४ टक्के, हरितकणूत परत येतो, असे त्यांना आढळले. पुढील प्रतिमानांना या ताळेबंदाशी सुसंगत राहणे आवश्यक ठरले.

उत्परिवर्ती वनस्पतींची कसोटी : प्रतिमानातील एखादा वेग शून्य केल्यास काय होईल हे संगणकावर सहज पाहता येते. तोच प्रयोग जिवंत वनस्पतीवर करता आला, तर प्रतिमानाची खरी कसोटी लागते. समरव्हिल, ब्राउझ व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९८० नंतरच्या दशकात ही सोय करून दिली. रासायनिक प्रक्रियेने उत्परिवर्तने (आनुवंशिक बदल) घडवून आणलेल्या ॲराबिडॉप्सिसच्या एकेका रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन त्यातील वसाम्ले वायु-वर्णलेखनाने मोजणे, ही त्यांची पद्धत होती. रोपाच्या बाह्य स्वरूपात कोणताही बदल दिसत नसला तरी त्यातील बिघाड या पद्धतीने उघडकीस येत असे. पहिले असे उत्परिवर्ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढील काही वर्षांत एफएडी या नावाने क्रमांकित केलेल्या जनुकांची मालिका उभी राहिली. जालिकेत एफएडी-२ हे दुसरा व एफएडी-३ हे तिसरा द्विबंध निर्माण करते. हरितकणूत ही कामे अनुक्रमे एफएडी-६ आणि एफएडी-७ व एफएडी-८ करतात.

सरळ साखळीच्या प्रतिमानानुसार एक दुवा तुटला की पुढचे सर्व उत्पादन थांबले पाहिजे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. एफएडी-३ नसलेल्या वनस्पतीच्या मुळांत १८:३ फार कमी झाले, पण पानांत बरेचसे टिकून राहिले, कारण हरितकणूतील एंझाइमे आपले काम करीतच होती. एफएडी-७ मध्ये बिघाड असलेल्या वनस्पतीने आणखी वेगळे वर्तन दाखविले. उबदार हवेत तिच्यातील १८:३ घटले, पण सुमारे २०° से. खाली वाढविल्यास ते जवळजवळ नेहमीइतके राहिले. एकाच एंझाइमावर आधारलेले कोणतेही प्रतिमान याचे स्पष्टीकरण देऊ शकत नव्हते. थंडीत कार्यशील होणारे दुसरे एंझाइम असले पाहिजे, हा तर्क १९९४ मध्ये एफएडी-८ हे जनुक सापडल्यावर खरा ठरला.

दुहेरी व तिहेरी उत्परिवर्तींनी या द्विबंधांची गरज कशासाठी आहे हेही दाखविले. तिन्ही संबंधित जनुके निकामी असलेल्या व त्यामुळे १८:३ व १६:३ मुळीच नसलेल्या ॲराबिडॉप्सिसचे प्रकाशसंश्लेषण नेहमीच्या तापमानात चालू राहिले. पण तिला कार्यक्षम परागकण निर्माण करता आले नाहीत. कारण १८:३ पासून बनणारे जॅस्मॉनिक अम्ल हे संप्रेरक (हॉर्मोन) तिच्यात नव्हते. एम. मॅकॉन व ब्राउझ यांनी १९९६ मध्ये हे प्रसिद्ध केले. एफएडी-२ व एफएडी-६ ही दोन्ही जनुके नसलेली वनस्पती मात्र केवळ साखर पुरविली तरच वाढू शकली. १९९८ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी दाखविल्याप्रमाणे तिचे प्रकाशसंश्लेषणच कोलमडले होते. म्हणजे पटलाला निदान दुसरा द्विबंध अत्यावश्यक आहे. तिसऱ्याची मुख्य गरज, निदान या वनस्पतीत व त्या परिस्थितीत, संप्रेरकाच्या निर्मितीसाठी आहे.

वसाम्लांची देवाणघेवाण : दोन मार्गांचे प्रतिमानही पुढे अपुरे ठरले. त्यात नवीन वसाम्ले प्रथम ग्लिसरॉलाला जोडली जातात व त्यापासून फॉस्फॅटिडिल कोलीन बनते, असा क्रम होता. तो खरा असेल, तर अंकित वसाम्ले आधी मधल्या टप्प्यांतील लिपिडांत दिसावयास हवीत. जे. पी. विल्यम्स व सहकारी यांनी २००० मध्ये मोहरीवर्गातील ब्रॅसिका नेपस या वनस्पतीच्या पानांत आणि पी. डी. बेट्स, जे. बी. ओल्रॉग व एम. पोलार्ड यांनी २००७ मध्ये वाटाण्याच्या पानांत केलेल्या प्रयोगांवरून निराळेच चित्र दिसले. नवीन वसाम्ले मुख्यतः आधीच तयार असलेल्या फॉस्फॅटिडिल कोलिनाच्या रेणूंत घुसतात व तेथील जुनी वसाम्ले बाहेर पडतात. सांगाडा तोच राहून शृंखला बदलण्याच्या या क्रियेला ॲसिल-संपादन असे म्हणतात. यामुळे प्रतिमानात फॉस्फॅटिडिल कोलीन हा एका वाटेवरील थांबा न राहता, ज्यात वसाम्ले सतत ये-जा करतात व जेथे ती असंतृप्त होतात असा सामाईक साठा म्हणून मांडावा लागला.

तापमानाचा प्रश्न : थंडीत पटले अधिक असंतृप्त का होतात, याचे एक आकर्षक स्पष्टीकरण पी. हॅरिस व जेम्स यांनी १९६९ मध्ये सुचविले होते. हवेच्या संपर्कातील पाण्यात २५° से. ला लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर ०° से. ला सुमारे १४.६ मिग्रॅ. असंतृप्तीकरणाला ऑक्सिजन लागतो; म्हणून थंडीत त्याचा पुरवठा वाढून विक्रियेला चालना मिळत असावी. दाट ऊती असलेल्या बियांच्या बाबतीत या कल्पनेत तथ्य आहे. पण हा नियम सर्वत्र सारखा लागू असता, तर सर्व तेलबियांवर तापमानाचा परिणाम सारखाच दिसला असता. डी. टी. कॅनव्हिन यांनी १९६५ मध्ये निरनिराळ्या तापमानांत तेलबिया वाढविल्या, तेव्हा सूर्यफूल व जवस यांच्या तेलातील अधिक असंतृप्त वसाम्ले वाढत्या तापमानाबरोबर घटली. करडई व एरंड यांच्यात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

यातून तापमानाचा परिणाम एकाच स्थिरांकात मांडता येणार नाही हे स्पष्ट झाले. वाढीचा वेग, ऑक्सिजनाचा पुरवठा, जनुकांची कार्यशीलता आणि एंझाइमाचे टिकाऊपण हे घटक प्रतिमानात वेगवेगळे घ्यावे लागतात. एफएडी-८ हे एंझाइम उष्ण हवेत लवकर नष्ट होते, असेही आढळले आहे. द्रव्यमान वर्णपटविज्ञानाच्या साहाय्याने पटलातील लिपिडांचे शेकडो प्रकार एकाच नमुन्यात मोजण्याची पद्धत २००२ मध्ये रूथ वेल्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींना लावली. तीमुळे या घटकांना वेगळे करण्यास पुरेसे आकडे मिळू लागले. २०११ मध्ये ए. बुर्गोस व सहकारी यांनी ॲराबिडॉप्सिसमधील लिपिडांचे बदल निरनिराळ्या तापमानांत व प्रकाशांत मोजले. २०१५ मध्ये क्यू. ली व सहकारी यांनी ॲराबिडॉप्सिस, गहू व ॲट्रिप्लेक्स लेंटिफॉर्मिस या तीन वनस्पतींची तुलना करून तापमानाबरोबर दोन मार्गांतील वाटणीही बदलते हे दाखविले. म्हणजे तापमानाचा परिणाम केवळ द्विबंध निर्माण करण्याच्या वेगावर होत नाही. वसाम्ल कोणत्या मार्गाने जाईल यावरही होतो.

संपूर्ण चयापचयाची प्रतिमाने : जनुकसंचाचा क्रम उपलब्ध झाल्यावर कोशिकेतील ज्ञात असलेल्या सर्व विक्रिया एका आव्यूहात मांडण्याचे प्रयत्न झाले. एम. जी. पूलमन व सहकारी यांनी २००९ मध्ये ॲराबिडॉप्सिससाठी असे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यानंतर इतरही अनेक झाले. या पद्धतीत विक्रियांच्या वेगांचे स्थिरांक लागत नाहीत. प्रत्येक द्रव्य जितके बनते तितकेच वापरले जाते, एवढी अट घालून रैखिक कार्यक्रमणाने प्रवाह काढतात. ज्या विषयात स्थिरांक मोजणे कठीण आहे तेथे ही मोठीच सोय होती.

परंतु या सोयीची एक किंमत होती. प्रत्येक असंतृप्तीकरणाला एक ऑक्सिजन रेणू व दोन इलेक्ट्रॉन लागतात. हिशेबाच्या दृष्टीने पहिला द्विबंध व तिसरा द्विबंध यांत फरक नसतो. म्हणून अशा प्रतिमानांत पटलातील वसाम्लांचे प्रमाण सामान्यतः आधीच ठरवून घालावे लागते. जे प्रमाण आरंभी गृहीत धरले तेच शेवटी उत्तरात आले, तर तो शोध नव्हे. या मर्यादेवर मात करण्यासाठी अनेक नैसर्गिक वाणांतील मोजमापे एकत्र वापरण्याचा मार्ग निघाला. जर्मनीत झेड. निकोलोस्की यांच्या गटाने २०२३ मध्ये वनस्पतींच्या लिपिड-चयापचयाचा सविस्तर विक्रियासंच प्रसिद्ध केला व ॲराबिडॉप्सिसच्या वाणांतील फरकांशी तो जोडून काही जनुकांची संभाव्य कार्ये सुचविली. संगणकाने सुचविलेली जनुके नंतर उत्परिवर्ती वनस्पतींवर तपासणे हा या कामाचा महत्त्वाचा भाग होता.

पटलाच्या भौतिक गुणधर्मांची प्रतिमाने : द्विबंधांमुळे पटलाच्या वर्तनात काय फरक पडतो, हा प्रश्न वेगळ्या प्रकारच्या प्रतिमानांनी हाताळला जातो. रेणवीय गतिकी या पद्धतीत प्रत्येक अणूवरील प्रेरणा काढून त्याची पुढची जागा न्यूटन यांच्या गतिनियमांनी ठरवितात. पी. व्हान डर प्लूग व एच. जे. सी. बेरेंडसेन यांनी १९८२ मध्ये नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथे एका साध्या द्विस्तरी पटलाचे असे गणित केले. त्यातील शृंखला केवळ दहा कार्बनांच्या होत्या. या गणितांत एका पावलाचा काल सामान्यतः दोन फेम्टोसेकंद (एका सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाचा हजारावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) एवढा असतो. म्हणून पटलाच्या केवळ एक मायक्रोसेकंद हालचालीसाठी ५० कोटी पावले टाकावी लागतात.

पटलातील लिपिडे घट्ट स्थितीतून प्रवाही स्थितीत जाण्याचे तापमान असंतृप्ततेवर अवलंबून असते. दोन्ही शृंखला सारख्या असलेल्या फॉस्फॅटिडिल कोलिनाच्या बाबतीत ते १८:० साठी सुमारे ५५° से., १८:१ साठी सुमारे -१७° से., १८:२ साठी सुमारे -५७° से. व १८:३ साठी सुमारे -६०° से. आहे. पहिल्या द्विबंधाने सर्वांत मोठा फरक पडतो, तिसऱ्याने जवळजवळ काहीच नाही. तेव्हा तिसरा द्विबंध पटल प्रवाही ठेवण्यासाठी आहे, ही जुनी समजूत या आकड्यांसमोर टिकत नाही. एस. ई. फेलर, के. गॉरिश व ए. डी. मॅकेरेल यांनी २००२ मध्ये बहु-असंतृप्त शृंखलांचे गणित करून असे दाखविले की, दोन द्विबंधांच्या मधील एकेरी बंधांभोवती शृंखला फार सहज फिरते. त्यामुळे बहु-असंतृप्त शृंखला ताठ न राहता क्षणोक्षणी आकार बदलत राहते. हे गणित प्राण्यांच्या मज्जासंस्थेत आढळणाऱ्या वसाम्लावर केलेले असले, तरी बंधांची तीच रचना १८:३ मध्येही असते.

हरितकणूतील थायलॅकॉइड पटलांचा आकार मोठा व रचना गुंतागुंतीची असल्यामुळे त्यांच्यासाठी साधारण चार अणूंचा एक गोळा मानणारी सुलभ पद्धत वापरली जाते. एफ. जे. व्हान ईर्डेन, एस. जे. मॅरिंक व सहकारी यांनी २०१५ मध्ये नील-हरित जीवाणू व उच्च वनस्पती यांच्या थायलॅकॉइड पटलांची या पद्धतीने तुलना केली. २०१७ मध्ये याच गटाने प्लॅस्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉनवाहक रेणू दुसऱ्या प्रकाशयंत्रणेत एकाहून अधिक वाटांनी ये-जा करतो हे दाखविले. मात्र चार अणूंचा एक गोळा केल्यावर द्विबंध शृंखलेत नेमका कोठे आहे हे बारकाईने सांगता येत नाही. वेग वाढविण्यासाठी सोडून दिलेला तपशील पुढे त्याच तपशिलाविषयी प्रश्न विचारण्यासाठी उपलब्ध नसतो.

महत्त्व व मर्यादा : या अभ्यासाचा शेतीशी निकटचा संबंध आहे. एफएडी-२ नसलेली ॲराबिडॉप्सिस वनस्पती ६° से. तापमानात जगू शकत नाही, हे १९९३ मध्ये दिसून आले. याउलट हरितकणूतील तिसरा द्विबंध निर्माण करणारे एंझाइम दडपलेली तंबाखूची रोपे अधिक उष्णता सहन करतात, असे वाय. मुराकामी व सहकारी यांनी २००० मध्ये दाखविले. थंडीत उपयोगी पडणारी पटलाची रचना कडक उन्हाळ्यात अडचणीची ठरते. तापमान वाढत असलेल्या काळात पिकाच्या पटलात नेमका किती बदल करावा आणि त्यामुळे बी धरण्यावर, तेलाच्या प्रतीवर व कीडरोगांच्या प्रतिकारावर काय परिणाम होईल, हे आधी अजमावता येणे आवश्यक आहे. प्रत्येक शक्यता शेतात तपासणे कालहरण करणारे असल्याने प्रतिमानांकडून मोठी अपेक्षा केली जाते.

या अपेक्षेला आधार देणारी नवी साधने मिळाली आहेत. एरंडाच्या विद्राव्य डिसॅच्युरेजाची त्रिमितीय रचना वाय. लिंडक्विस्ट व सहकारी यांनी १९९६ मध्ये निश्चित केली. पटलस्थ डिसॅच्युरेजांपैकी प्राण्यांतील एकाची रचना २०१५ मध्ये समजली. २०२१ मध्ये आल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने ॲराबिडॉप्सिसच्या जवळजवळ सर्व प्रथिनांच्या संभाव्य रचना उपलब्ध करून दिल्या व त्यांत एफएडी मालिकाही होती. तथापि रचना कळली म्हणजे वेग कळला असे होत नाही. जिवंत पटलात ते एंझाइम किती जलद काम करते हे अजूनही मोजूनच ठरवावे लागते.

एकेरी साखळी, दोन मार्ग, सामाईक साठा आणि संपूर्ण चयापचयाचा हिशेब या क्रमाने झालेल्या वाटचालीत प्रत्येक नवे प्रतिमान आधीच्या प्रतिमानाशी न जुळलेल्या एखाद्या मोजमापातून निर्माण झाले. भोपळ्याच्या पानातील उशिरा पोहोचलेला कार्बन, थंडीत अनपेक्षितपणे सुधारलेले उत्परिवर्ती रोप व वाटाण्याच्या पानात अपेक्षेआधीच अंकित झालेले फॉस्फॅटिडिल कोलीन ही त्याची उदाहरणे होत. प्रतिमान आकड्यांशी जुळले म्हणजे ते खरे ठरते असे नाही, कारण तेच आकडे दुसऱ्या प्रतिमानानेही मिळू शकतात. त्या दोहोंत निवड करू शकेल असे मोजमाप कोणते, हे दाखवून देणे हे या क्षेत्रातील प्रतिमानाचे मुख्य कार्य ठरले आहे.